डोंगरातील आगगाडी आणि धरणीकंप

कोल्हापूर शहराच्या शाहूपुरी या भागात रेल्वेचे स्थानक आहे. छत्रपती शाहू महाराजांचे नाव धारण करणारे हे स्थानक म्हणजे लोहमार्गाचे एक टोक होय. येथून निघालेली गाडी पूर्वेकडे जाते. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही गावे मागे टाकीत ती मिरजेला पोहोचते. हा मार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ४७ किलोमीटर आहे. वाटेत पंचगंगा आणि कृष्णा या नद्यांवर पूल आहेत. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि उसाचे मळे आहेत. पण मोठा घाट किंवा बोगदा या मार्गावर कोठेच लागत नाही.

शाहूपुरीच्या पश्चिमेकडे मात्र निराळे चित्र आहे. तेथे सह्याद्रीची प्रचंड भिंत उभी आहे. तिच्या पलीकडे खाली कोकण आहे आणि कोकणातून कोकण रेल्वे धावते. कोल्हापूरहून सह्याद्री उतरून वैभववाडीला जाऊन मिळणारा लोहमार्ग व्हावा, अशी या भागातील लोकांची जुनी मागणी आहे. असा मार्ग काढायचा म्हणजे डोंगर पोखरावे लागतात, दऱ्यांवर पूल बांधावे लागतात, कड्यांच्या कुशीतून रूळ न्यावे लागतात. हे सारे मनुष्य करू शकतो. त्याने ते अनेक ठिकाणी करून दाखविले आहे. परंतु ज्या डोंगराच्या भरवशावर हे रूळ टाकायचे, तो डोंगरच एके दिवशी हलला तर काय होईल?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. सह्याद्री हलतो, हे महाराष्ट्राने एकदा फार कठोर रीतीने अनुभवले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, लोक साखरझोपेत असताना, कोयना परिसरातील जमीन जोराने हादरली. त्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.३ होती. कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली. सुमारे १८० माणसे प्राणास मुकली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. पण त्याच्या भिंतीला तडे गेले आणि पुढे ती अधिक भक्कम करावी लागली. कोयनेच्या विजेवर चालणारे मुंबईचे कारखाने काही काळ थांबले. धक्का कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई इतक्या दूरवर जाणवला.

त्यापूर्वी दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, येथे भूकंपाची भीती नाही, अशी समजूत होती. काळ्या कातळाचे थरावर थर बसून हे पठार बनले आहे. कोयनेच्या परिसरात या कातळाची जाडी सुमारे एक किलोमीटर आहे. त्याच्या खाली त्याहून पुष्कळ जुना खडक आहे आणि त्या खडकात प्राचीन भेगा आहेत. भूगर्भातील दाबामुळे या भेगांवर ताण साठलेला असतो. धरणाच्या जलाशयाचे वजन आणि भेगांतून खोलवर झिरपणारे पाणी यांमुळे तो ताण मोकळा होण्यास निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. कोयनेच्या परिसरात त्यानंतरही लहानमोठे धक्के बसत राहिले आहेत. हे कोडे उलगडण्यासाठी तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाची पाहणी करण्यात आली, आणि या अभ्यासासाठी कराड येथे एक प्रयोगशाळा स्थापन झाली.

जमीन हलते म्हणजे नक्की काय होते? भूगर्भातील खडक ताण सहन न होऊन एकाएकी सरकतो. तळ्यात दगड टाकल्यावर जशा लाटा पसरतात, तशा या सरकण्याच्या जागेपासून सर्व दिशांना लहरी पसरतात. त्यांपैकी पहिल्या लहरी वेगवान असतात. त्या कठीण खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात. परंतु त्यांचा धक्का सौम्य असतो. त्यांच्या मागून दुसऱ्या लहरी येतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर असतो, आणि त्या जमिनीला आडव्या हिसडून टाकतात. घरे पडतात ती बहुधा या दुसऱ्या लहरींनी आणि त्यांच्या पाठोपाठ पृष्ठभागावरून सरपटत येणाऱ्या लाटांनी. कोयनानगर शाहूपुरीपासून सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटर आहे. या हिशेबाने तेथे उठलेली पहिली लहर पंधरा सेकंदांत शाहूपुरीस पोहोचेल आणि दुसरी त्यानंतर दहा-अकरा सेकंदांनी. हे दहा सेकंद थोडे वाटतात. पण त्यांचे मोल किती आहे, हे पुढे दिसेल.

घर पडले तर एका कुटुंबाचे छप्पर जाते. लोहमार्गाचे तसे नसते. लोहमार्ग ही एक साखळी आहे. शंभर किलोमीटरच्या मार्गापैकी नव्व्याण्णव किलोमीटर सुस्थितीत असले आणि एकच पूल पडला, तरी गाडी पलीकडे जाऊ शकत नाही. रस्त्यावर धोंडा पडला तर बैलगाडी किंवा मोटार त्याला वळसा घालून जाते. आगगाडीला वळसा घालता येत नाही. दोन रुळांमधील अंतर काही मिलिमीटरच बदलले, तरी चाक घसरण्याचा धोका उत्पन्न होतो. शिवाय भरधाव जाणारी गाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थांबत नाही. तिला थांबण्यास सुमारे एक किलोमीटर लागतो. डोंगरात तर वळणापलीकडचे काही दिसतही नाही. म्हणून धरणीकंपाचा सर्वांत मोठा घाव बसतो तो डोंगरातील लोहमार्गावर.

हा घाव निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रीतीने बसतो. पहिली दुबळी जागा म्हणजे भराव. सखल जागी मातीचा बांध घालून त्यावर रूळ टाकलेले असतात. माती कितीही दाबून बसविली, तरी ती खडकासारखी एकजीव नसते. जमीन हलू लागली की भराव खचतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो. खालची जमीन ओली व रेताड असेल तर फारच वाईट. पाण्याने भरलेली रेती हादऱ्यांनी घुसळली जाते आणि क्षणभर चिखलासारखी पातळ होते. मग तिच्यावरचे ओझे खाली जाते आणि रेतीमिश्रित पाण्याची कारंजी वर उसळतात. भराव खचला की त्यावरचे रूळ आणि स्लीपर अधांतरी लोंबकळतात.

दुसरी दुबळी जागा म्हणजे प्रत्यक्ष रूळ. रूळ पोलादाचे, ते कशाने वाकणार, असे वाटते. पण जमीन जेथे लांबीच्या दिशेने आवळली जाते, तेथे रुळांना मावण्यास जागा उरत नाही. दोन हातांत धरलेली वेताची काठी दोन्ही टोकांनी दाबली असता जशी मधेच वाकते, तसे रूळ बाजूला वाकतात आणि सर्पाकार होतात. जेथे जमीन ताणली जाते, तेथे रुळांचे सांधे तुटून मध्ये फट पडते.

तिसरी जागा पुलांची. पुलाच्या तुळया खांबांच्या डोक्यावर टेकलेल्या असतात. उन्हाने पोलाद वाढते, थंडीने आकसते. म्हणून तुळईला थोडे सरकण्यास मोकळीक ठेवावी लागते. भूकंपात ही मोकळीकच घातक ठरते. खांब एका बाजूला झुकतो, तुळई दुसऱ्या बाजूला सरकते आणि तिचे टोक आपल्या बैठकीवरून निसटते. दरीतील उंच खांब तर झाडाच्या शेंड्याप्रमाणे अधिकच झुलतात.

चौथी जागा बोगद्याची. आणि येथे एक आश्चर्य आहे. बोगद्यात शिरलेल्या माणसाला डोंगर अंगावर कोसळेल अशी भीती वाटते. परंतु भूकंपात बोगदा पुलापेक्षा पुष्कळदा सुरक्षित राहतो. कारण बोगदा डोंगराच्या पोटात चहूकडून घट्ट धरलेला असतो. डोंगर हलेल तसा तोही हलतो. त्याला निराळे झुलण्यास जागा नसते. मात्र जेथे भूगर्भातील भेग बोगद्याला छेदून जाते, तेथे त्याचे अस्तर फुटते. आणि बोगद्याचे तोंड हे नेहमीच नाजूक असते. कारण तेथे वरून दरड कोसळते.

दरड हाच डोंगरातील लोहमार्गाचा सर्वांत मोठा शत्रू होय. लोहमार्ग उभ्या उतारावर न्यायचा तर उताराचा पायथा कापावा लागतो. वरच्या डोंगराचा आधार तेवढा कमी होतो. एरवी झाडांची मुळे, खडकांची पकड आणि मातीचा चिकटपणा यांनी तो तोल सांभाळलेला असतो. भूकंपाचा हिसडा बसला की तो तोल जातो. काही दरडी त्याच क्षणी कोसळतात. काही मात्र नुसत्या खिळखिळ्या होऊन लटकत राहतात आणि पुढच्या धक्क्याची किंवा पुढच्या पावसाची वाट पाहतात. म्हणून भूकंप थांबला म्हणजे संकट संपले, असे डोंगरात कधीही समजू नये.

याची साक्ष देणारी उदाहरणे आपल्या देशातच आहेत. १२ जून १८९७ रोजी आसामात अतिप्रचंड भूकंप झाला. आसाम आणि उत्तर बंगाल येथील लोहमार्गांचे भराव खचले आणि रूळ नागमोडी वाकले. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम या शास्त्रज्ञाने या भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला. याच अभ्यासातून भूकंपाच्या निरनिराळ्या लहरी निरनिराळ्या वेगाने येतात, हे त्याच्या ध्यानी आले. एका आपत्तीने जगाच्या ज्ञानात अशी मोलाची भर घातली.

हिमालयाच्या पायथ्यापासून दार्जिलिंगपर्यंत जाणारी लहान आगगाडी सर्वांच्या परिचयाची आहे. १८७९ ते १८८१ या काळात हा मार्ग बांधण्यात आला. त्याचे दोन रूळ एकमेकांपासून अवघे दोन फूट अंतरावर आहेत. चढ फारच उभा झाला की ही गाडी कोठे स्वतःभोवती फेरा घेते, तर कोठे मागे-पुढे होत नागमोडी चढते. घूम या स्थानकाशी ती २,२५८ मीटर उंचीवर पोहोचते. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळ यांना भयंकर भूकंपाने ग्रासले. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उत्तर बिहारच्या सपाट प्रदेशात रेतीची कारंजी उसळली, लोहमार्गांचे भराव जमिनीत रुतले, पुलांचे खांब कलले. दार्जिलिंग आणि कर्सियांग येथील इमारतींनाही तडे गेले आणि या डोंगरी मार्गाचेही नुकसान झाले. तरी तो लवकरच सावरला. आणि मग पडलेली घरे पुन्हा उभारण्यासाठी लागणारे सामान डोंगरावर वाहून नेण्याचे काम याच लहान गाडीने केले. ज्याला मदत हवी होती, तोच मदतनीस झाला.

प्रत्येक वेळी मार्ग इतक्या लवकर सावरतोच असे नाही. २०१० च्या पावसाळ्यात याच मार्गावर पागलाझोरा येथे मोठी दरड कोसळून मार्ग तुटला. त्याची दुरुस्ती व्हावयाची होती, तोच १८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीममध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच महिन्यात तिनधरिया येथे डोंगराचा मोठा भाग घसरला आणि रस्ता व रूळ दोन्ही घेऊन गेला. वरच्या भागात गाडी चालू होती. पण पायथ्यापासून दार्जिलिंगपर्यंतची सलग वाहतूक पुन्हा सुरू होण्यास २०१५ साल उजाडले. रूळ टाकण्यास वेळ लागला नाही. रूळ टाकण्यासाठी डोंगर स्थिर करण्यास वेळ लागला.

तुटलेला मार्ग पुन्हा कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी जपानमधील आसो पर्वताचे उदाहरण फार बोधप्रद आहे. आसो हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या भोवती डोंगराचे एक विशाल कडे आहे, आणि त्या कड्याच्या आत शेते व गावे वसली आहेत. कड्याच्या एका खिंडीत तातेनो नावाचे स्थानक आहे. तेथे चढ इतका उभा आहे, की गाडी एकदा पुढे, एकदा मागे आणि पुन्हा पुढे अशी जाऊन तो चढते. बोर घाटातही १८६३ पासून १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडीला असेच तोंड फिरवून चढावे लागत असे. तातेनोहून दोन मार्ग फुटतात. एक मोठा होही मार्ग, आणि दुसरा १७.७ किलोमीटर लांबीचा लहान मिनामिआसो मार्ग. हा लहान मार्ग तेथील गावांनीच चालविण्यास घेतलेला आहे. शाळकरी मुले याच गाडीने शाळेस जातात.

१४ एप्रिल २०१६ च्या रात्री कुमामोतो या भागात जोराचा भूकंप झाला. लोकांना वाटले, हाच मुख्य धक्का. परंतु १६ एप्रिलला मध्यरात्रीनंतर त्याहून मोठा धक्का बसला. तातेनोजवळ सुमारे ७०० मीटर लांबीची दरड डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंत घसरली. तिने होही मार्ग गाडून टाकला, राजमार्गही गाडला, जवळचा रस्त्याचा मोठा पूल दरीत कोसळला. लहान मार्गाच्या बोगद्यांच्या अस्तरास तडे गेले. नदीच्या पात्रापासून सुमारे ६० मीटर उंचीवर असलेला त्याचा पोलादी पूल उभा राहिला खरा. पण त्याचे भाग वाकले आणि तो गाडीचे ओझे पेलण्यास असमर्थ झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुसळधार पाऊस आला आणि खिळखिळ्या उतारांवरून आणखी माती खाली आली.

अशा वेळी पहिले काम कोणते? पहिले काम म्हणजे गाड्या थांबविणे. आणि येथे ते दहा सेकंद उपयोगी पडतात. जपानमध्ये लोहमार्गाच्या आसपास भूकंपमापक यंत्रे बसविलेली आहेत. पहिली सौम्य लहर येताच यंत्र तिला ओळखते आणि वीजपुरवठा तोडण्याची आज्ञा देते. दुसरी घातक लहर येईपर्यंत गाडीचे ब्रेक लागलेले असतात. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये महाभूकंप झाला, तेव्हा त्या भागात अनेक अतिवेगवान गाड्या धावत होत्या. त्यांपैकी एकाही गाडीतील प्रवासी दगावला नाही. मात्र भूकंप अगदी पायाखालीच झाला तर दोन लहरींमध्ये अंतरच उरत नाही. तेथे यंत्राचा उपाय अपुरा पडतो आणि बांधकामाच्या बळकटीवरच भिस्त ठेवावी लागते.

दुसरे काम पाहणीचे. गाड्या थांबल्या की रेल्वेची माणसे पायी निघतात. प्रत्येक रूळ, प्रत्येक सांधा, प्रत्येक मोरी, प्रत्येक खांब ती पाहतात. ज्या मार्गाला वरवर काहीच झालेले दिसत नाही, त्यावरूनही पाहणी झाल्यावाचून गाडी सोडीत नाहीत. डोंगरात ही पाहणी केवळ रुळांपुरती नसते. माथ्यावर चढून जमिनीला भेगा पडल्या आहेत काय, झाडे कलली आहेत काय, एखादा झरा एकाएकी गढूळ झाला आहे काय, हेही पाहावे लागते. कारण कोसळलेल्या दरडीपेक्षा न कोसळलेली दरड अधिक भयंकर असते.

तिसरे काम मार्ग मोकळा करण्याचे. दरड खालून उपसू लागले तर वरचा भाग आणखी घसरतो. म्हणून काम माथ्यापासून सुरू करावे लागते. तातेनोच्या दरडीवर माणूस पाठविणे धोक्याचे होते. तेव्हा अभियंत्यांनी दूर अंतरावर बसून यंत्रे चालविली. यंत्रे उतारावर काम करीत होती आणि त्यांचे चालक सुरक्षित जागी चित्रपटलावर पाहून त्यांना हाताळीत होते. यंत्र गेले तर दुसरे आणता येते. माणूस गेला तर आणता येत नाही, हे त्यांनी पक्के जाणले होते.

चौथे काम तात्पुरत्या दुरुस्तीचे. जेथे नुकसान थोडे असते तेथे नवा भराव घालतात, खडी भरतात, वाकलेले रूळ बदलतात. लहान पूल खचला असेल तर स्लीपरांच्या चवडी रचून तुळईला टेकू देतात. मग त्यावरून आधी रिकामे इंजिन, नंतर भरलेले डबे असे क्रमाक्रमाने नेऊन पाहतात. गाड्यांना वेगाची कडक मर्यादा घालतात. मार्गाच्या दोन्ही टोकांकडून काम सुरू होते. जेवढा मार्ग दुरुस्त होतो, तेवढ्यावरून सामानाची गाडी पुढे येते आणि पुढच्या कामाला खडी, पोलाद, माणसे पुरविते. अशा रीतीने लोहमार्ग स्वतःच स्वतःला सांधीत जातो.

मिनामिआसोच्या लोकांनीही असेच केले. त्यांच्या मार्गाचा दूरचा भाग फारसा बिघडलेला नव्हता. तेवढ्या तुकड्यावर ३१ जुलै २०१६ पासूनच, म्हणजे साडेतीन महिन्यांत, गाडी सुरू झाली. तो तुकडा मुख्य मार्गापासून तुटलेला होता, प्रवासीही थोडे होते. तरीही गाडी धावली. ज्या गावातून गाडीची शिट्टी नाहीशी होते, त्या गावातील लोकांचा धीर खचतो. शिट्टी पुन्हा ऐकू आली की गाव सावरत आहे अशी खूण पटते.

पाचवे काम सर्वांत कठीण; ते म्हणजे कायमची उभारणी. येथे घाई उपयोगी नाही. पूर्वी होते तसेच बांधायचे की अधिक सुरक्षित रीतीने? जुन्या जागी बांधायचे की नव्या? खर्च कोणी करायचा? थोड्या प्रवाशांसाठी इतका खर्च करणे योग्य आहे काय? हे सारे प्रश्न आसोच्या लोकांपुढेही उभे राहिले. केंद्र सरकार, प्रांत आणि गावे यांनी मिळून खर्चाचा भार उचलला. वाकलेला पोलादी पूल उतरवून त्याच जागी नवा पूल बांधण्यात आला. एक लहान बोगदा दुरुस्त न करता काढूनच टाकला आणि तेथे उघडी वाट केली. होही मार्ग ८ ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाला. लहान मार्ग १५ जुलै २०२३ रोजी संपूर्ण खुला झाला. ज्या घावाला काही क्षण पुरले, तो भरून येण्यास सात वर्षे आणि तीन महिने लागले. भूकंपाच्या वेळी पहिलीत असलेले मूल तोवर आठवीत गेले होते.

सह्याद्रीतील लोहमार्गांना या साऱ्यातून काय शिकण्यासारखे आहे? सह्याद्रीत लोहमार्ग बांधणे किती कष्टाचे, हे बोर घाटाने दाखविले आहे. तेथील काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर चढायचे, असा तो चढ. पंचवीस बोगदे त्यासाठी खोदावे लागले, आणि हजारो मजुरांनी त्या कामात प्राण वेचले. पुढे कॅसलरॉकहून कुळेकडे उतरणारा, दूधसागर धबधब्याजवळून जाणारा घाटमार्ग झाला. अगदी अलीकडे, १९९८ साली, ७४१ किलोमीटर लांबीची कोकण रेल्वे पूर्ण झाली. रत्नागिरीजवळील तिचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे आणि पानवल येथील पूल ६४ मीटर उंच आहे.

या मार्गांना प्रतिवर्षी छळणारा शत्रू म्हणजे पाऊस. पण तोही दरडीच्याच रूपाने येतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. त्या दुर्घटनेने सर्वांना हलवून सोडले. त्यानंतर अनेक ठिकाणी कड्यांवर पोलादी जाळ्या बसविण्यात आल्या, उतार कमी उभे करण्यात आले, पाणी वाहून जाण्यास चर खोदण्यात आले. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्यांचे वेळापत्रक निराळे असते. त्या मुद्दाम सावकाश चालविल्या जातात. रात्रंदिवस गस्तकरी कंदील किंवा विजेरी घेऊन रुळांवरून चालत असतात. पावसाने घसरणारी दरड रोखण्यासाठी केलेले हे उपाय भूकंपाच्या वेळीही कामी येतात. पाण्याचा निचरा झालेला, जाळीने बांधलेला, झाडांनी धरलेला उतार हादरा अधिक सोसतो. दररोजची काळजी हीच मोठ्या संकटाची पूर्वतयारी होय.

नवा डोंगरी मार्ग आखताना तर ही काळजी पहिल्या रेषेपासून घ्यावी लागते. जमिनीखालच्या भेगा कोठे आहेत, त्या ठाऊक करून घेऊन शक्य तेथे त्या टाळावयाच्या. उभ्या कड्याच्या कडेने वाट काढण्यापेक्षा कठीण खडकातून बोगदा काढणे पुष्कळदा हिताचे असते. पुलाच्या तुळईला खांबावर रुंद बैठक द्यावयाची आणि ती निसटू नये म्हणून अडसर ठेवावयाचे. खांब ताठर न ठेवता थोडे लवचीक, पण न तुटणारे करावयाचे. वादळात ताठ वृक्ष मोडतो आणि लव्हाळे वाचते, हा अनुभव येथेही खरा ठरतो.

भूकंप केव्हा होणार, हे आधी सांगण्याची विद्या मनुष्याला अजून साधलेली नाही. डोंगराला हलू नकोस, असेही त्याला सांगता येत नाही. परंतु डोंगर हलल्यावर पहिल्या दहा सेकंदांत काय करावे, पहिल्या दिवशी काय पाहावे, पहिल्या महिन्यात काय सांधावे आणि पुढील वर्षांत काय नव्याने उभारावे, हे तो शिकला आहे. हे शिक्षण त्याला फुकट मिळालेले नाही. आसाम, बिहार, कोयना, वैभववाडी, आसो या प्रत्येक ठिकाणी त्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

शाहूपुरीच्या स्थानकावर पहाटे गाडी सुटण्याची घंटा होते. डब्यांत उतारू बसतात, सामान ठेवतात, खिडकीतून हात हलवितात. रूळ सुरक्षित आहेत, असे ते गृहीत धरतात. त्यांना असे निर्धास्त बसता यावे म्हणून कोणीतरी रात्री ते रूळ पायाखाली घातलेले असतात, एखादा सैल झालेला सांधा आवळलेला असतो. उद्या सह्याद्री ओलांडून पश्चिमेकडे जाणारी गाडी येथून सुटली, तर तिच्या वाटेवर अशा माणसांची गरज अधिकच भासेल. लोहमार्ग पोलादाचा असतो खरा. पण तो टिकतो आणि मोडल्यावर पुन्हा उभा राहतो, तो त्यांच्या जागरूकतेमुळे.